धम्मपाठ : नालंदा कसे पाहावे?



बुद्धगया व राजगृहाच्या यात्रेला निघालेली आपली मंडळी नालंदा बहुधा तासाभरात उरकतात. भिंती पाहिल्या, फोटो काढला, गाडीत बसले! तसे करू नका. नालंदा हे नवस फेडण्याचे ठिकाण नव्हे. ते विद्येचे गाव आहे. ते पायी हिंडून, विचार करीत पाहावे.

बिहारातील राजगीरपासून हे ठिकाण सुमारे १२ किलोमीटरवर आहे. तथागत येथील पावारिकाच्या आम्रवनात राहात असत. तेथे केवट्ट नावाच्या गृहस्थाने त्यांना विनविले की, भिक्खूंकडून चमत्कार करवा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागतांनी साफ नकार दिला. माणसाला सुधारणारा उपदेश हाच खरा चमत्कार, असे त्यांनी समजाविले. ही गोष्ट मनात ठेवून अवशेषांत पाऊल टाका.

मधल्या रुंद वाटेच्या एका बाजूस विहारांची रांग आहे, तर दुसऱ्या बाजूस चैत्यमंदिरे. उत्खननात ११ विहार व ६ मंदिरे उघडी झाली. प्रथम कोणत्याही एका विहारात शिरा. मध्ये चौक, चारी बाजूंनी भिक्खूंच्या लहान खोल्या, सांडपाण्याची गटारे, विहीर. भिंतीतले कोनाडे मुलांना दाखवा. पाचव्या शतकात, कुमारगुप्ताच्या काळी स्थापन झालेले हे महाविहार सुमारे सातशे वर्षे विद्यादान करीत होते. पहिल्या क्रमांकाच्या विहारात देवपाल राजाचा ताम्रपट सापडला. सुवर्णद्वीपाच्या राजाने येथे विहार बांधला व त्याच्या खर्चासाठी देवपालाने पाच गावे दिली, असे त्यात नोंदले आहे. पाहा, समुद्रापलीकडचा राजा येथील शिक्षणाचा भार उचलत होता!

मग तिसऱ्या क्रमांकाच्या मंदिराकडे या. सारिपुत्ताच्या स्मृतीशी जोडलेली ही वास्तू एकावर एक अशी सात वेळा बांधली गेली. जिन्याजवळ उभे राहिले की जुन्या थरांवर चढलेले नवे थर दिसतात.

सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग येथे शीलभद्रांपाशी शिकला. येथील वादसभेत भाग घेऊ इच्छिणाऱ्यांना द्वारपाल कठीण प्रश्न विचारी व दहांतील सात-आठ जण परत जात, असे त्याने लिहिले आहे. दारावर अडविले जाई ते प्रश्नाने. आपल्या बाबासाहेबांना मात्र शाळेत गोणपाटावर वेगळे बसविले गेले, ते जातीमुळे. हा फरक मुलांना येथेच समजावून सांगा.

समोरच्या संग्रहालयात जळालेले तांदूळ ठेवले आहेत. तेथे क्षणभर थांबा. इ.स. १२०० च्या सुमारास तुर्की स्वाऱ्यांत हा परिसर उद्ध्वस्त झाला. तरीही १२३५ च्या सुमारास आलेल्या धर्मस्वामी या तिबेटी भिक्खूला येथे नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सुमारे ७० विद्यार्थ्यांना शिकविताना दिसले. सैनिक येत असल्याची वार्ता आली तेव्हा बाकीचे पळाले. धर्मस्वामीने वृद्ध गुरूला खांद्यावर घेऊन लपविले.

शेवटी जवळच तेलिया बाबा म्हणून पुजली जाणारी काळ्या दगडाची मोठी मूर्ती पाहा. ती तथागतांची आहे! गावकऱ्यांना हसू नका. शिकविणारे गेले की मूर्ती उरते आणि मूर्तीचे दैवत होते. तिला तेल वाहिले जाते, पण तिचा उपदेश कोणाला ठाऊक नसतो. आपल्या घरातील प्रतिमेपुढे रोज मेणबत्ती लागते, पण त्रिशरण-पंचशीलाचा अर्थ मुलांना कोणी सांगत नाही, असे असेल तर आपणही त्याच वाटेवर आहोत.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू! नालंदेचा वारसा हाच आहे. ज्यांना बिहारला जाणे परवडत नाही, त्यांनी खंत करू नये. ज्या घरात रोज तासभर वाचन होते व मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळते, त्या घरात नालंदेचा एक विहार उभा आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१) तथागतांनी चमत्कारास नकार का दिला?
२) राहुल श्रीभद्र पडक्या विहारातही का शिकवीत राहिले?
३) आपल्या घरात या पंधरवड्यात कोणते पुस्तक वाचले गेले?