फीआधी घड्याळ बघा

डोंबिवलीत राहून दोघांनी नोकरी करायची आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलासाठी परवडणारी शाळा शोधायची, तर फीचा प्रश्न दुसरा. पहिला वेळेचा. प्लेग्रुप दोन-अडीच तासांचा, नर्सरी फार तर तीन तासांची. मी फोर्टात नोकरीला, नवरा ठाण्यात वागळे इस्टेटला. सकाळी घर सोडलं की परतेपर्यंत दिवेलागण होते. शाळेचे तीन तास वजा केल्यावर उरलेला दिवस मूल कुठे काढणार, हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तिथे स्मार्ट बोर्ड आणि एसी वर्गांचे फोटो असतात.

आमच्या मुलीची पहिली शाळा अशीच चकचकीत होती. नाव लिहीत नाही. वर्षाची फी एकरकमी भरली तर सवलत, म्हणून भरली. मग गणवेश, पुस्तकांचा संच, स्नेहसंमेलनाचा पोशाख असं एकेक मागणं येत गेलं. डे-केअर संध्याकाळी लवकर बंद व्हायचं, त्यापुढे दर अर्ध्या तासाला दंड. मेगाब्लॉक रविवारचा असतो, पण लोकल उशिरा धावायला वार लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडलीच नाही. जागेचा करार संपला होता म्हणे. चालक फोन उचलेनात, मूळ कंपनीने ‘फ्रँचायझीशी बोला’ म्हणून हात झटकले. पावतीवर कंपनीचं बोधचिन्ह ठळक होतं, पण पैसे नेमके कोणी घेतले त्याचं नाव नव्हतं. म्हणून सांगते, सवलत कितीही मोठी असो, तिमाहीपेक्षा जास्त पैसे एकदम देऊ नका. पावतीवर संस्थेचं किंवा मालकाचं नाव, पत्ता आणि सही बघून घ्या. जागा भाड्याची आहे का, करार कधीपर्यंत आहे, हेही विचारा. विचारलेलं आवडत नसेल तर तिथूनच परत फिरा.

तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “आधी पाळणाघर पक्कं कर गं, शाळा काय, त्या काकूच सांगतील.” तसंच झालं. चांगल्या पाळणाघराच्या काकूंना आसपासचे सगळे शिशुवर्ग ठाऊक असतात. कुठे ताई दरवर्षी बदलतात, कुठे मुलं रडत बसतात, त्यांना बरोबर माहीत असतं. त्यांच्या मावशी मुलांना शाळेतून चालत घेऊन येतात, त्यामुळे व्हॅनचा खर्च वाचतो. पाळणाघर घराजवळ हवं, स्टेशनजवळ नको. मूल आजारी पडलं की धावत येणारे आजी-आजोबा किंवा शेजारी घराकडचेच असतात. आणि रोज पूर्व-पश्चिम करावी लागेल अशी शाळा घेऊ नका. कल्याण असो की डोंबिवली, गर्दीच्या वेळी रुळांपलीकडचं जग फार लांब असतं.

पाळणाघर आणि शाळा एका आवारात हवी, हे शहाणपण याच मुलखातलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. आईबाप मजुरीला गेलेले, धाकट्या भावंडांना मोठ्या मुली सांभाळणार, मग त्या शाळेत कशा येणार? म्हणून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जोडीने चालवली गेली. अंगणवाडी ही कल्पनाही तिथलीच. १९७५ पासून सरकारी योजनेतून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत शिक्षण आणि आहार फुकट मिळतो. तुमच्या वस्तीजवळ असेल तर नाक न मुरडता बघून या. टॉवरांच्या भागात मात्र ती सहसा सापडत नाही, आणि तिचेही तास थोडेच.

आम्ही अखेर एका जुन्या मराठी शाळेच्या शिशुवर्गात गेलो. लहान शिशु, मोठा शिशु, मग त्याच संस्थेत पहिली. सुट्या प्लेस्कूलची धाव सीनियर केजीपर्यंत. पहिलीसाठी पुन्हा प्रवेश आणि पुन्हा खर्च. राज्यात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान असेल, घाई करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांची आशा बरेच जण धरतात. आर्थिक दुर्बल गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे, त्यामुळे दोन पगारांचं घर बहुधा बाहेरच राहतं. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग मुलांना ती अट नाही, त्यांनी जरूर अर्ज करावा. सुट्या प्लेस्कूलला हा २५ टक्क्यांचा नियम लागत नाही. पाळणाघराचं म्हणाल तर मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर त्याची जबाबदारी टाकली. तीन वर्षांच्या मुलाला गर्दीच्या लोकलमधून फोर्टात नेणं मला जमणारं नव्हतं, पण ठाण्यात घर आणि ठाण्यातच ऑफिस असेल तर एचआरला विचाराच.

पाळणाघर ठरवताना एक प्रश्न सगळ्यात आधी विचारा: २६ जुलै २००५ सारखी रात्र आली, लोकल ठप्प झाली, तर मूल कुठे राहील? ‘बघू तेव्हा’ म्हणणाऱ्या घरी मूल ठेवू नका. मूल कोणाच्या हाती द्यायचं त्यांची नावं, फोटो आणि फोन नंबर लिहून द्या. बाकी कोणीही न्यायला आलं, अगदी सख्खा मामा असला, तरी आधी तुम्हाला फोन करायचा, हे काकूंकडून कबूल करून घ्या.