मळ, साबण आणि रिठा

कपड्यावरील अथवा भांड्यावरील मळ म्हणजे बहुधा तेलकट पदार्थाने धरून ठेवलेली धूळ असते. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने मळ हटत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढ घेते. अशा असंख्य रेणूंनी वेढलेले तेलाचे कण सुटे होऊन पाण्याबरोबर वाहून जातात.

तेल अथवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून साबण तयार होतो. त्याचा दोष दुष्फेन पाण्यात दिसतो. विहिरीच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी त्याचा संयोग होऊन करडा, न विरघळणारा साका बनतो आणि तोच कपड्यावर बसतो. यासाठी धुण्याच्या पावडरीत खनिज तेलापासून मिळविलेली सल्फोनेट जातीची प्रक्षालके वापरतात. पावडरीचा बराच भाग मात्र प्रक्षालक नसतोच. त्यात धुण्याचा सोडा असतो, निव्वळ भर म्हणून घातलेले सोडियम सल्फेट असते आणि पुष्कळदा एक उजळक द्रव्यही असते. हे उजळक मळ काढीत नाही. जंबुपार किरण शोषून ते निळसर प्रकाश बाहेर टाकते व कापडाचा पिवळटपणा झाकते. जुन्या पिढीतील नीळ निराळ्या मार्गाने हेच काम करीत असे.

रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. बिया काढलेले दहाबारा रिठे लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावे, सकाळी थोडे उकळून कुस्करावे व गाळून घ्यावे. साबणाच्या अल्कलीने लोकर व रेशीम यांचे तंतू दुबळे होतात. रिठ्याच्या पाण्यात अल्कली नसल्याने शालींना व रेशमी वस्त्रांना ते मानवते. पांढऱ्या सुतावर मात्र त्याची तांबूस झाक राहते, आणि दोनतीन दिवसांत ते आंबते. वनस्पतिजन्य म्हणून ते सर्वस्वी निरुपद्रवी आहे असेही नव्हे: डोळ्यांत गेल्यास झोंबते, आणि सॅपोनिन माशांना विषारी असते.

लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. तेलकट भांड्यावर ओली राख घासली की त्या तेलाचाच थोडा साबण बनतो. दगडी कोळशाच्या राखेला हा गुण फारसा नाही. कल्हईच्या भांड्याला आतून राख लावू नये, कल्हई घासली जाते. ॲल्युमिनियम तर सोडा व राख या दोहोंनी काळवंडते. तांब्यापितळेवरील डाग हे धातूचे ऑक्साइड असल्याने तेथे आम्ल हवे, आणि चिंचेतील टार्टारिक आम्ल ते काम उत्तम करते. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला मात्र अनेकदा दिला जातो, तो फसवा आहे. फसफस पुष्कळ होते. पण आम्ल व अल्कली परस्परांना निष्प्रभ करतात आणि हाती सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते. दोन्ही वेगवेगळे वापरावे.

संडास धुण्याच्या द्रव्यांत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते क्षारांचे थर विरघळविते, तशीच शहाबादी फरशीही खाते, कारण ती चुनखडकाची असते. याहून गंभीर गोष्ट अशी की, हे आम्ल ब्लीचिंग पावडरीशी किंवा द्रवरूप ब्लीचशी मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 1915 साली ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात त्याची थोडी मात्राही फुफ्फुसांना इजा करू शकते. लिंबू व व्हिनेगर हीसुद्धा आम्लेच असल्याने ब्लीचबरोबर त्यांचाही वापर करू नये. डोळे चुरचुरून खोकला येऊ लागताच सर्व टाकून मोकळ्या हवेत यावे. ही द्रव्ये सरबताच्या रिकाम्या बाटलीत कदापि भरून ठेवू नयेत. मुलाने चुकून आम्ल प्याल्यास त्याला ओकारी काढावयास लावू नये, कारण वर येताना ते अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळते. तोंड पाण्याने धुवून, बाटली बरोबर घेऊन, त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.