प्रॉक्सीला कोणती सिस्टीम?

छोटी,

व्हर्च्युअलबॉक्समध्ये तू चार मशीनचं नेटवर्क उभं केलंस आणि त्यांना बाहेर जायला एकच प्रॉक्सी ठेवणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. त्या मशीनवर कोणती सिस्टीम टाकू, असं विचारलंस. डेबियन स्टेबल टाक. कारणही सांगतो, कारण उद्या नोकरीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येईल.

प्रॉक्सी एकदा चालू झाला की त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आणि बाहेरच्या जगाशी बोलणारं मशीन तर तेच. म्हणून वेगाच्या आधी बघायचं ते हे की सुरक्षेचे अपडेट किती वर्षं येणार आणि दिलेला शब्द पाळला जाणार का. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं ठरलेलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ते बंद झाले. लोकांना वर्षभरात रॉकी नाहीतर अल्मालिनक्सवर घरं बदलावी लागली. डेबियनमागे असा निर्णय एकटीने घेऊ शकेल अशी एक कंपनी नाही. आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तिला तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं एलटीएसचे अपडेट मिळतात.

अल्पाइन इवलीशी आहे, रॅम वाचते, हे खरं. पण तिथे सिस्टमडी नाही, ग्लिबसीही नाही. पुस्तकातल्या कमांड जशाच्या तशा चालत नाहीत. आत्ता ती नको. ओपनबीएसडी मला मनापासून आवडते, पण तिची प्रत्येक आवृत्ती जेमतेम वर्षभर सांभाळली जाते.

इन्स्टॉल करताना डेस्कटॉपवरची खूण काढ, एसएसएच सर्व्हरची ठेव. एक जीबी रॅम पुरते. मोठी डिस्कही नको, कारण आजची बहुतेक रहदारी एचटीटीपीएसची असते. ती स्क्विडमधून, म्हणजे प्रॉक्सीचं काम करणाऱ्या प्रोग्राममधून, बंद बोगद्यासारखी जाते, साठवण्याजोगं फार काही उरत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. प्रॉक्सीला दोन नेटवर्क कार्ड दे: एक नॅट, दुसरं इंटर्नल नेटवर्क. बाकीच्या मशीनना फक्त इंटर्नल. प्रॉक्सीवर आयपी फॉरवर्डिंग चालू करू नकोस, नाहीतर स्क्विडला वळसा घालून वाट निघेल. मग प्रॉक्सीवर स्क्विड टाकून आतल्या मशीनवरून त्याचा ३१२८ पोर्ट देऊन एखादं पान मागव. नव्या स्क्विडच्या लॉगमध्ये ‘टीसीपी_डिनाइड/४०३’ दिसेल. घाबरू नकोस, डेबियनने मुद्दाम दार बंद ठेवलेलं असतं. तुझ्या नेटवर्कपुरतीच परवानगीची ओळ लिही, आणि ती ‘डिनाय ऑल’च्या वरच हवी, स्क्विड वरून खाली वाचतो आणि लागू पडलेल्या पहिल्या नियमावर थांबतो. घाईत ‘अलाउ ऑल’ मात्र कधीही लिहू नकोस. शेवटी प्रॉक्सी न देताही तेच पान मागवून बघ. ते यायला नको.

एवढं झालं की कॉन्फिग फाइल आणि लॉगच्या काही ओळी पाठव. रविवारी फोनवर बसून बघू.

तुझा मामा