लॅपटॉपच्या पडद्याची निगा : ठसे व चरे

ज्या शाळेत एकच लॅपटॉप असतो, तेथे तो कोणा एका शिक्षकाचा नसतो. लोकवर्गणीतून आलेला असो वा शासनाकडून मिळालेला असो, जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद एका ओळीची. पण सर्व वर्ग पाळीपाळीने त्याच्यासमोर बसतात. फळा खरवडला गेला तर त्यास रंग देता येतो, नकाशा फाटला तर मागून कापड चिकटविता येते. लॅपटॉपच्या पडद्यास चरा पडला तर तो बुजविण्याचा उपाय शाळेच्या हाती नाही. संपूर्ण पडदा बदलावा लागतो, आणि तो खर्च सादिलात बसणे अवघड. ही निगा कशी राखावी व तोच विषय विद्यार्थ्यांस प्रयोगाने कसा शिकवावा, याचा विचार येथे केला आहे.

पुष्कळ शिक्षकांचा असा अनुभव आहे की, काही दिवसांच्या वापरानंतर झाकण उघडले असता काळ्या पडद्यावर फिकट चौकोनांच्या रांगा दिसतात. निरखून पाहिल्यास ते चौकोन कळफलकावरील कळांच्याच आकाराचे आणि त्याच मांडणीचे असल्याचे ध्यानी येते. पडद्यास चरे पडले, अशी समजूत होऊन कोणी ते कोरड्या फडक्याने जोराने घासू लागतो, आणि जेथे चरे नव्हते तेथे ते उत्पन्न करतो.

वस्तुतः ही क्रिया कार्यालयातील रबरी शिक्क्यासारखी आहे. बोटांवरील घाम व तेल कळांवर साचते, ती शिक्क्याची शाई. झाकण मिटले असता कळा व पडदा यांच्यामध्ये अगदी थोडे अंतर उरते. पिशवीत वह्यांचा गठ्ठा, जेवणाचा डबा आणि चार्जर यांचा दाब आला की, पातळ झाकण मध्यभागी वाकते, पडदा कळांस टेकतो आणि शिक्का उमटतो. केसांस खोबरेल तेल लावलेली, नुकतीच खिचडी खाऊन उठलेली मुले कळफलकावर बसली तर शाई अधिक, इतकेच. त्यात मुलांचा दोष नाही. हात धुऊन पुसण्यास दोन मिनिटे राखून ठेवणे हे शिक्षकाचे काम होय.

असा तेलकट ठसा निघून जातो. चरा निघत नाही. म्हणून पुसण्यापूर्वी दोहोंतील भेद ओळखणे अगत्याचे आहे. लॅपटॉप बंद करून खिडकीजवळ न्यावा आणि पडद्याकडे तिरप्या प्रकाशात पाहावे. ठसा धूसर व पसरट दिसतो, आणि किंचित ओलसर मऊ कापड हलके फिरविताच फिका होतो. चरा बारीक व तीक्ष्ण रेषेसारखा असून पुसल्यावरही जागचा हलत नाही. मात्र ठसा निरुपद्रवी म्हणून दुर्लक्ष करणे बरे नाही. कळांवर धुळीचे कण असतील आणि मोटारसायकल मुरमाच्या रस्त्याने हादरे खात जात असेल, तर टेकलेल्या कळा पडद्यावर घासतात, आणि ठशाच्या जागी कालांतराने कायमची झीज होते.

आता चरा कशाने पडतो ते पाहावे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिक मोहस याने इ. स. १८१२ मध्ये खनिजांच्या कठिणपणाची दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली. जो पदार्थ दुसऱ्यावर चरा पाडतो तो अधिक कठीण, हे तिचे सूत्र. शंखजिरे पहिल्या पायरीवर, हिरा दहाव्या. आपले नख सुमारे अडीच, साधी काच सुमारे साडेपाच आणि गारगोटी सात. रस्त्यावरील धुळीत गारगोटीच्याच जातीचे सूक्ष्म कण असतात, म्हणून ती काचेवरही चरा पाडू शकते. बहुतेक साध्या, चकाकी नसलेल्या लॅपटॉपच्या पडद्याचा बाह्य थर तर काचेचा नसून प्लॅस्टिकच्या पातळ पटलाचा असतो. त्यावर कठीण लेप दिलेला असला तरी वाळूपुढे त्याचा निभाव लागत नाही.

खडूच्या भुकटीचे भय अनेकांस वाटते. खडू जिप्समचा असेल तर त्याचा कठिणपणा दोन, चुनखडीचा असेल तर तीन. तेव्हा भुकटी पडद्याची मुख्य वैरीण नव्हे. वैरी आहे तो फळा पुसण्याचा डस्टर. तो जमिनीवर पडतो, वाळू उचलतो, आणि घाईच्या वेळी तोच पडद्यावर फिरतो.

हा भाग वर्गात अवश्य करून दाखवावा. साहित्य अल्प लागते : एक निकामी झालेली जुनी सीडी, खडूची वस्त्रगाळ पूड, रस्त्यावरील चिमूटभर धूळ, पाण्याचा तांब्या व जुन्या सुती कापडाचे तीन स्वच्छ तुकडे. सीडीची चकचकीत बाजू वर ठेवून तिचे खुणेने तीन भाग करावेत. पहिल्या भागावर खडूची पूड टाकून कापडाने हलके पुसावे. दुसऱ्यावर धूळ टाकून तसेच कोरडे पुसावे. तिसऱ्यावर तीच धूळ टाकावी, परंतु आधी पाण्याच्या धारेने ती वाहून जाऊ द्यावी आणि मग पुसावे. त्यानंतर सीडी उन्हात तिरपी धरून एकेका विद्यार्थ्यास दाखवावी. कोणत्या भागावर अधिक रेषा आहेत, हे मुलांनीच सांगावे. शिक्षकाने आधी उत्तर फोडू नये. खडूच्या भागावरही एखादी रेषा आढळली तर ती लपवू नये. पुडीत वा कापडात कण आला असावा, असा तर्क मुले स्वतः करतात आणि तो तर्क पाठातील उत्तम भाग ठरतो. सीडी धुता येते, लॅपटॉप धुता येत नाही, हे मात्र लहान वर्गास स्पष्ट सांगावे. न सांगितल्यास एखादा उत्साही विद्यार्थी तांब्या घेऊन निघेल.

पडदा पुसण्याची रीत या प्रयोगातूनच निघते. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा व पडदा थंड होऊ द्यावा. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ वरून खाली झाडावी. मग मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओले करून न दाबता फिरवावे. साध्या पाण्यातील क्षारांचे डाग राहतात. पाणी पडद्यावर थेट शिंपडू नये, कारण ते कडेने आत उतरते. खिडक्यांच्या काचा पुसण्याचे अमोनियायुक्त द्रावण व नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन कटाक्षाने वर्ज्य करावे. त्याच वेळी कळाही पुसाव्यात. केवळ पडदा पुसून कळा तशाच ठेवल्यास दुसऱ्या दिवशी ठसे पुन्हा हजर होतात. पुसण्याचे फडके वेगळ्या डबीत ठेवावे. ते टेबल पुसण्यास गेले की पडद्याच्या कामातून बाद समजावे.

झाकण मिटण्यापूर्वी कळफलकावर हात फिरवून पाहण्याची सवय लावावी. पेन्सिलीचा तुकडा, टाचणी वा खडूचा खडा एवढ्यानेही पडदा फुटू शकतो. कळफलकावर कापड ठेवून झाकण मिटावे काय, असे विचारले जाते. येथे जाडीचा विचार करावा. ॲपल कंपनीने २०२० मध्ये आपल्या ग्राहकांस अशी सूचना दिली की, कॅमेऱ्यावर आवरण बसवून लॅपटॉप मिटू नये. आवरण लावणे भागच असेल तर ते छपाईच्या साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून, जाड नसावे. मग जाड रुमालाची घडी आत ठेवणे कितपत शहाणपणाचे, हे उघड आहे. नव्या लॅपटॉपबरोबर कळफलकावर पातळ मऊ पत्रा आलेला असल्यास तो टाकून न देता जपावा, आणि मिटताना स्वच्छ असेल तरच वापरावा. खरा उपाय बाहेरचा आहे : पिशवीत लॅपटॉपला स्वतंत्र कप्पा द्यावा, चार्जर दुसऱ्या कप्प्यात घालावा, आणि वर काही रचू नये. मोटारसायकलच्या टाकीवर आडवा ठेवून त्यावर हातांचा भार देणे तर अगदीच टाळावे.

चरा पडलाच तर दंतमंजन वा टूथपेस्ट लावून तो घासण्याचा सल्ला कोणी देतो. तो मानू नये. त्यातील घर्षक कण चऱ्याभोवतीचा लेपही झिजवितात आणि रेषेच्या जागी पांढुरका डाग होतो. पडद्यावरचा चरा प्रोजेक्टरच्या किंवा वर्गातील दूरचित्रवाणी संचाच्या चित्रात उमटत नाही, कारण तेथे चित्र तारेने जाते, पडद्यामधून नव्हे. असा लॅपटॉप निकामी म्हणून कपाटात ठेवून देण्याचे कारण नाही. चऱ्याची जागा व दिनांक नोंदवहीत लिहून, मोठ्या पडद्यास जोडून त्यावर पाठ चालू ठेवावेत.