ओढलेली कात

त्या धामणीच्या उजव्या डोळ्यावर पांढरा डाग आहे. तो माझ्या हाताने पडला. साप पाळणाऱ्यांना आणि धरणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो कसा पडला ते लिहितो.

मी वेल्ह्याचा. कागदोपत्री तालुका आता राजगड झाला, आमच्या तोंडी मात्र अजून वेल्हंच आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांमधून साप निघाला की लोक मला बोलावतात.

जानेवारीतली गोष्ट. भात झोडून झालं होतं, पेंढ्याच्या गंजी लागल्या होत्या. एका मावशींनी वांग्याच्या वाफ्यात कोंबड्या शिरू नयेत म्हणून नायलॉनची जाळी लावली होती. तिच्यात सहा फुटांची धामण अडकली. सुटायला धडपडेल तसा धागा मानेमागे रुतत गेलेला. काठी घेऊन आलेल्या पोराला मावशींनीच अडवलं. “बाबा, लवकर ये, जीव चाललाय तिचा,” असा फोन आला. मी कात्रीने एकेक धागा कापत होतो आणि मावशी कंदील धरून उभ्या होत्या. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आंधळी आहे का रे ही?”

तिचे डोळे दुधाळ निळे झाले होते. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे असेच होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या काचेसारखा. अंगावरच्या कातडीसारखाच तोही बदलतो. नवी कातडी तयार झाली की जुनी आणि नवी यांच्यामध्ये पातळ द्रव साठतो, म्हणून डोळा गढूळ दिसतो. काही दिवसांनी तो निवळतो, आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत साप ओठाची कड दगडावर, बुंध्यावर घासून कात मोकळी करतो. मग पायमोजा उलटा काढावा तशी ती सबंध अंगावरून उलटी सुटत जाते. डोळे गढूळ असताना सापाला नीट दिसत नाही, तो खात नाही, गारव्याला दडून बसतो आणि हात लावला तर एरवीपेक्षा लवकर चिडतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. जखमी साप दिसला की वनखात्याला कळवायचं, १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, हेही ठाऊक होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवता येत नाही. सर्पमित्र म्हणवून घेणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. तरी मी तिला घरी नेलं. चार दिवसांत कात टाकेल, जखम सुकेल, मग सोडू, असा विचार केला. मला तिची काळजी वाटत होती हे खरं, पण त्या काळजीत, आपल्याला जमतं हा ताठाही होता.

मोठ्या ड्रमला भोकं पाडली, तळाला वर्तमानपत्र अंथरलं आणि थंडी बाधू नये म्हणून ड्रम चुलीच्या खोलीत ठेवला. पाण्याची वाटी ठेवली, ती तिने पहिल्याच रात्री उलटवली. दिवसातून एकदा भरायचो. आमच्या मावळात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, त्यामुळे हवा कोरडी पडते हे आमच्या लवकर ध्यानात येत नाही. पण जानेवारीत इथे ओठ फुटतात. त्यात चुलीची धग. उबेच्या नावाखाली मी तिच्या अंगातलं पाणी आटवत होतो. दोन कातड्यांमधला ओलावा गेला की जुनी कातडी नवीला चिकटून बसते.

आठव्या दिवशी कात निघायला लागली ती तुकड्या-तुकड्यांनी. पोटाकडून पापुद्रे सुटलेले, मानेजवळ जखमेच्या कडेला घट्ट. मी ओढायला लागलो. सुरुवातीला एक लांब पट्टी सहज आली, आणि त्या सहज येण्यानेच मी फसलो. डोक्यावरचा तुकडा सुटला तेव्हा उजव्या डोळ्याची काच मागे राहिली होती, सुरकुतलेली, कडेला किंचित उचललेली. मी चिमटा घेतला. कड धरली आणि ओढली. धामणीने सगळं अंग माझ्या मनगटाभोवती आवळलं. काच निघाली, आणि तिच्यासोबत खालची नवी काचही अर्धी निघाली. डोळ्यातून पाणी आलं. त्यात रक्ताचा बारीक दोरा होता.

त्याच संध्याकाळी वनखात्याला फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. तिला पुण्याला उपचारासाठी नेलं, मीही सोबत गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी डोळा पाहिला, मग शेपटीकडे गेल्या. टोकाशी जुन्या कातीचं एक कडं राहिलं होतं, अंगठीएवढं. ते माझ्या नजरेतही आलं नव्हतं. असं कडं सुकून आवळलं की पुढचं रक्त थांबतं आणि शेपटीचं टोक काळं पडून गळतं. त्यांनी ते ओढलं नाही. कोमट पाण्यात टॉवेल भिजवून पिळला, डब्यात सैल गुंडाळून ठेवला आणि धामणीला त्यात सोडलं. ती स्वतःच घड्यांमधून पुढे-मागे सरकत राहिली. पाऊण तासाने टॉवेल उघडला तेव्हा कडं टॉवेलला चिकटलेलं होतं. मी चिमट्याने करायला गेलो ते काम ओल्या फडक्याने केलं.

म्हणून साप पाळणाऱ्यांना सांगतो. पुण्या-मुंबईत बॉल पायथन, कॉर्न स्नेक पाळणारे आहेत. परदेशी साप आणायचा तर आधी त्याचे कागद तपासा. बॉल पायथनसारख्या, साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या प्राण्याची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर करावी लागते. डोळे गढूळ दिसले की त्याला हाताळणं बंद करा, खायचा आग्रह करू नका. ओलं शेवाळ किंवा पिळलेलं फडकं घातलेला, सापाला आत जाता येईल असा एक झाकणाचा डबा त्याच्या घरात ठेवा आणि अंग घासायला खरबरीत लाकूड किंवा दगड द्या. हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात एसी, दोन्ही हवा सुकवतात. कात अडलीच तर कोमट पाणी घ्या, मनगटाला जेमतेम कोमट लागेल इतकंच. पाणी सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीपर्यंत असावं, अर्धा तास पुरे, आणि तेवढा वेळ तिथून हलू नका. नंतर ओल्या टॉवेलमधून त्याचं त्याला जाऊ द्या. जे सैल असेल ते सुटेल. जे सुटत नाही ते अजून सुटायला आलेलं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तेल, व्हॅसलिन चोपडू नका.

डोळ्याला मात्र हात नको. काच राहिली तर ओलावा वाढवा, पुढच्या कातीची वाट बघा. पुढच्या वेळीही राहिली तर सापांचं जाणणाऱ्या पशुवैद्याकडे जा. शेपटीला कडं राहिलंय का ते दर वेळी तपासा, तिथे थांबणं महागात पडतं. निघालेली कात उजेडात धरून डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या आहेत का ते बघा. कात पुन्हा-पुन्हा तुकड्यांनी निघत असेल तर दुखणं आत आहे. अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे, जुनी भाजल्याची खूण, उपासमार, कमी पाणी, यांतलं काहीतरी सापडेल.

गावाकडच्यांना वेगळं सांगायचं आहे. गढूळ डोळ्यांचा साप गोठ्यात, मोरीत दिसला तर तो तिथे गारव्याला आला आहे. नाग असो, घोणस असो, कात सोडवायला कोणी पुढे होऊ नये. दूध ठेवू नये, सापाला ते पचत नाही. लांब उभं राहावं आणि १९२६ ला फोन करावा. चावलाच तर मांत्रिक, चिरा, आवळपट्टी काही नाही, सरळ सरकारी दवाखाना.

धामणीने दीड महिन्याने पुण्यातच पुढची कात टाकली, अखंड. डाव्या डोळ्याने तिला नीट दिसत होतं. वनखात्याने तिला होती त्याच शिवारात सोडलं. मावशींनी जाळी काढून काट्यांचं कुंपण केलं आहे. आषाढात भातलावणीच्या वेळी त्यांच्या बांधाच्या दगडांत धामणीची लांबच लांब कात सापडली, अजून ओलसर, मऊ. कोणाची ते सांगता येणार नाही. मावशींनी ती मला दिली तेव्हा मी आधी तिचं डोकं उजेडात धरलं आणि उजवा डोळा पाहिला.