बडतर्फीनंतरची नोकरी

(नितीन चाकणच्या एका कारखान्यात आठ वर्षं सीएनसी मशीनवर सेटर-ऑपरेटर होता. रात्रपाळीत सुपरवायझरशी वाद झाला, याने त्याची कॉलर धरून ढकललं. मेमो, सस्पेन्शन, चार्जशीट, इन्क्वायरी असं सगळं होऊन आता हातात आदेश आला आहे. त्याची आत्या पिंपरीतल्या एका कंपनीच्या पर्सोनेल खात्यातून निवृत्त झाली. माणसं कामावर घेणं आणि चौकशा लावणं, दोन्ही तिने केलं आहे.)

नितीन : आत्या, सरळ विचारतो. मला आता कुणी नोकरी देईल का?

आत्या : देईल. कुठे आणि किती पगारावर, ते नंतर बोलू. आधी पत्र दाखव.

नितीन : पत्रात काय बघायचंय? काढलं म्हणजे काढलं.

आत्या : निम्मे लोक इथेच फसतात. पाकीट कपाटात टाकतात आणि वर्षभर सगळ्यांना ‘मला काढलं’ एवढंच सांगत फिरतात. अरे, काढण्याचे प्रकार असतात. नोटीस किंवा नोटीस पगार देऊन संबंध संपवला तर तो डिस्चार्ज. गैरवर्तन सिद्ध झालं म्हणून शिक्षा दिली तर डिसमिसल, म्हणजे बडतर्फी. तुझ्या पत्रात काय आहे ते तुला पाठ असायला हवं, कारण पुढचा माणूस नेमकं तेच विचारणार आहे. आण इकडे... हं. ‘डिसमिस्ड’.

नितीन : पण राजीनामा दे म्हणाले होते. मीच दिला नाही. युनियनवाले म्हणाले, लढू.

आत्या : राजीनामा दिला असतास तर रेकॉर्डवर राजीनामाच राहिला असता आणि ग्रॅच्युइटी जप्त होण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. पण मग लढायलाही फारसं काही उरलं नसतं. मनाविरुद्ध राजीनामा लिहून घेतला हे नंतर सिद्ध करणं महाकठीण. मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय, राजीनामा मागणाऱ्या कंपनीला बहुतेक वेळा स्वतःची चौकशी टाळायची असते. ज्याची बाजू भक्कम आहे त्याने तो देऊ नये. ज्याची कमकुवत आहे त्याने द्यावा. तुझी कमकुवत होती.

नितीन : शिवी त्याने आधी दिली होती!

आत्या : दिली असेल. कॉलर कुणी धरली?

नितीन : ...मी.

आत्या : मग पुढे जाऊ.

नितीन : माझा एक मित्र जिल्हा परिषदेत आहे. तो म्हणतो, सरकारीत एकदा काढलं की कायमचे दरवाजे बंद.

आत्या : तिथेही तसं सरसकट नाही. राज्याच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत दोन वेगळ्या शिक्षा आहेत. ‘सेवेतून काढून टाकणे’ झालं तर पुढे सरकारी नोकरी मिळायला ती अपात्रता ठरत नाही. ‘बडतर्फ’ केलं तर सामान्यतः ठरते. खाजगी कारखान्याला असला नियम लागू नाही. तिथे बडतर्फ माणसाला घ्यायचं की नाही, हा मालकाचा आणि एचआरचा प्रश्न. काही मोठ्या कंपन्या बडतर्फीचं नाव ऐकताच फाइल मिटतात. ते गृहीत धरूनच चाल.

नितीन : म्हणूनच म्हणतो, सांगायचंच कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. बायोडेटातून ती कंपनी काढून टाकतो. आठ वर्षं गावाकडे शेती केली म्हणतो.

आत्या : आणि पीएफचं काय करणार? तुझा बारा आकडी यूएएन आहे ना? त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत कोणत्या कंपनीत कधी लागलास, कधी सुटलास, सगळं दिसतं. नव्या कंपनीला पीएफ भरायला तोच नंबर द्यावा लागतो. पूर्वी, म्हणजे आमच्या काळात, माणूस नाशिकहून पुण्याला आला की मागचं मागे राहायचं. आता तसं राहिलं नाही. शिवाय चाकण-रांजणगावचे एचआरवाले एकमेकांच्या फोनमध्ये असतात. रीतसर व्हेरिफिकेशनमध्ये जुनी कंपनी फक्त तारखा आणि हुद्दा सांगेल कदाचित, पण जे कागदावर येत नाही ते चहाच्या टपरीवर येतं.

नितीन : मग एक जण अनुभवपत्र करून देतो म्हणतोय. लेटरहेड, शिक्का, सगळं.

आत्या : त्याचा नंबर आत्ताच्या आत्ता फोनमधून काढून टाक. तो बनावट दस्तऐवज होतो, फौजदारी गुन्हा. आज तुझ्यावर कंपनीच्या शिस्तीचा ठपका आहे, पोलिसांचा नाही. हा फरक सोन्याच्या मोलाचा आहे. आणि बहुतेक नेमणूकपत्रांत एक ओळ असते : दिलेली माहिती खोटी निघाल्यास केव्हाही सेवा समाप्त. म्हणजे दोन वर्षांनी, तुझं काम उत्तम चालू असताना, कुणाच्या डोळ्यांत तू खुपलास की ती ओळ बाहेर येईल. तेव्हा मात्र तुझ्या बाजूने बोलायला काहीच नसेल. एक माणूस आठवतो. मारामारीत काढलेला होता आणि मुलाखतीत तसं सांगून मोकळा झाला. मी त्याचं नाव पुढे पाठवलं. त्याच आठवड्यात दुसऱ्याने दीड वर्षाची नोकरीच लपवली होती. त्याला तिथून साध्या गैरहजेरीसाठी काढलं होतं, आम्ही ते सहज पोटात घातलं असतं. लपवल्यामुळे नाकारला.

नितीन : अनुभवाचं खरं पत्र मला मिळेल तरी का? काढलेल्याला कोण देतं?

आत्या : मागायचं, हक्काने. कायम कामगाराला बडतर्फीच्या वेळीसुद्धा सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क स्थायी आदेशांच्या नमुन्यातच लिहिलेला आहे. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, या पदावर’ एवढं असलं तरी पुरे. वर्तणूक उत्तम असं ते लिहिणार नाहीत, तू मागूही नकोस. अर्ज लेखी दे, पोच घे. आणि तारखा तपास. सस्पेंड कधी झालास?

नितीन : मार्चमध्ये. आदेश ऑगस्टचा.

आत्या : मग तुझी नोकरी ऑगस्टपर्यंत होती. निलंबित माणूस नोकरीतच असतो. बायोडेटात ऑगस्टच लिही आणि पीएफच्या नोंदीतही तीच तारीख पडलीय का बघ. दोन्हीकडे वेगळी दिसली तर व्हेरिफिकेशनवाला तुझ्यावरच संशय घेणार. निर्वाह भत्ता किती मिळत होता?

नितीन : अर्धा पगार. शेवटपर्यंत.

आत्या : शेवटपर्यंत अर्धा? पहिले ९० दिवस ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. उशीर कामगारामुळे झाला नसेल तर. जुन्या कायद्यातही हेच होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच आहे. तू तारखा बुडवल्यास का?

नितीन : एकही नाही. त्यांचाच चौकशी अधिकारी दोनदा आला नाही.

आत्या : मग फरक माग. हे पैसे म्हणजे नवी नोकरी शोधायचा तुझा काळ. घाईत मिळेल ते धरायला लागू नये म्हणून हे आधी बघायचं. राहिलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे. पगाराला तर वेतन संहितेने काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांचीच मुदत घातली आहे.

नितीन : आणि ग्रॅच्युइटी? टाइम ऑफिसमधला म्हणाला, डिसमिस म्हणजे ग्रॅच्युइटी गेली.

आत्या : टाइम ऑफिसमध्ये बसून लोक कायदे फार करतात. आपोआप काही जात नाही. मालमत्तेचं नुकसान केलं असेल तर त्या नुकसानीपुरती कापता येते. हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी काढलं असेल तर पूर्ण किंवा काही भाग जप्त करता येतो. तुझं प्रकरण हिंसेच्या कलमात बसवू शकतील, खोटं कशाला सांगू. पण तसा निर्णय घ्यावा लागतो, त्याआधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं आणि किती जप्त करायची याचाही विचार करावा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आपल्या एसटीच्या कंडक्टरांची प्रकरणं होती, तिकिटाच्या पैशांतल्या अफरातफरीची. फौजदारी शिक्षा झालेली नसली तरी जप्ती करता येते, असं न्यायालय म्हणालं. पण रकमा किरकोळ होत्या म्हणून त्यांची ग्रॅच्युइटी २५ टक्क्यांपुरतीच जप्त ठेवली. आता हिशेब कर. तुझं बेसिक-डीए २६ हजार धर. सव्वीसने भागून पंधराने गुणलं की वर्षाचे १५ हजार. आठ वर्षांचे एक लाख वीस हजार. एवढी रक्कम टाइम ऑफिसच्या सल्ल्यावर सोडू नकोस.

नितीन : ईएसआयसीचा बेकारी भत्ता?

आत्या : तुझा पगार २१ हजारांच्या वर, म्हणून तू ईएसआयसीतच नाहीस. असतास तरी गैरवर्तनासाठी काढलेल्याला तो मिळत नाही.

नितीन : बरं, मुलाखतीला बसलो. विचारलं, का सोडलं. काय बोलू?

आत्या : बोल ना. मी एचआर आहे असं समज.

नितीन : मॅडम, त्याचं असं झालं, तिथला सुपरवायझर पहिल्यापासून माझ्या वाईटावर होता. त्या रात्री टूल खराब होतं, मी तीनदा सांगितलं, जॉब रिजेक्ट झाले, त्याने सगळ्यांसमोर...

आत्या : बस. इथेच तू हरलास. मला ऐकू येतंय की याला अजून राग आहे आणि माझ्याही सुपरवायझरशी हेच होणार. पुन्हा.

नितीन : मग... सुपरवायझरशी वाद झाला. मी त्याला ढकललं. कंपनीने चौकशी करून काढलं.

आत्या : आता बरं. त्यात ‘चूक माझी होती’ हे घाल आणि थांब. थांबणं महत्त्वाचं. गप्प बसलेल्या एचआरसमोर माणूस घाबरून पुढे बोलत राहतो आणि नको ते सांगतो. ती विचारेल, आठ वर्षांत आणखी काही मेमो? काय उत्तर?

नितीन : एकही नाही. हजेरीही चांगली.

आत्या : हे तुझं भांडवल आहे आणि तुला ते मी विचारेपर्यंत आठवलं नाही! आठ वर्षांत एक प्रसंग. तो एकच होता हे सांगणारा माणूसही शोध. जुना फोरमन, निवृत्त झालेला लाइन इनचार्ज, जो फोनवर ‘पोरगा कामाला वाघ आहे, त्या दिवशी डोकं फिरलं’ म्हणेल. त्याची आधी परवानगी घे आणि त्याला सगळं खरं सांगून ठेव.

नितीन : बायोडेटातच लिहून टाकू का? म्हणजे नंतरची कटकट नको.

आत्या : नको. बायोडेटा म्हणजे कबुलीजबाब नव्हे. त्यात काम आणि तारखा, दोन्ही खऱ्या. विचारतील तेव्हा सांगायचं. विचारलंच नाही आणि व्हेरिफिकेशन लागणार असेल, तर ते सुरू व्हायच्या आधी स्वतःहून सांगायचं. त्यांना बाहेरून कळण्याआधी तुझ्याकडून कळलं पाहिजे.

नितीन : अर्ज कुठे करू? मोठ्या कंपन्यांत?

आत्या : एखादा कर, पण आशा भोसरीवर ठेव. तिथल्या छोट्या वर्कशॉपमध्ये मालक स्वतः भेटतो, आधी मशीनवर उभं करतो आणि मग कागद बघतो. तू ड्रॉइंग वाचून सेटिंग लावलंस, पहिला जॉब मापात काढलास, की अर्धी मुलाखत झाली. पगार कमी असेल. दोन वर्षं तिथे नीट काढलीस की ‘मागच्या नोकरीत काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर ते वर्कशॉप असेल. ठरावीक मुदतीची नेमणूक आली तरी नाक मुरडू नकोस. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्यालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे.

नितीन : पण मी केस टाकली तर? दुसरीकडे नोकरी धरली म्हणजे केस गेली ना?

आत्या : नाही. केस चालू असताना पोट भरायला कुणी बंदी घातलेली नाही. फरक पडतो तो मागच्या पगारावर. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काढणं बेकायदा ठरलं तर मागच्या पगारासकट परत घेणं हा सर्वसाधारण नियम. पण मधल्या काळात आपल्याला तेवढी कमाई नव्हती हे कामगाराने आधी सांगावं लागतं. तिथेही खोटं बोलू नकोस, पीएफ तिथेही बघतात. आधी समेट अधिकाऱ्याकडे जायचं, ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे. बडतर्फीपासून दोन वर्षांची मुदत आहे, पूर्वी तीन होती. चौकशी योग्य असली तरी शिक्षा जास्त वाटली तर ती कमी करता येते. तुझी आठ स्वच्छ वर्षं तिथेही उपयोगी पडतील. मात्र निकालाची वाट बघत घरी बसलास तर मशीनवरचा हात जाईल.

नितीन : शेवटचं. उद्या एका ठिकाणी फॉर्म भरायचाय. त्यात विचारलंय, आधी कधी कामावरून काढण्यात आलं आहे का? हो किंवा नाही.

आत्या : हो.

नितीन : खाली कारणासाठी जागा आहे.

आत्या : किती?

नितीन : दोन ओळी.

आत्या : दोनच ओळी लिही. पुरवणी जोडू नकोस.