चार्ल्सटनला कधी जावं?

प्रश्न : आम्ही अटलांटात राहतो. पुण्याहून आई-बाबा येताहेत, मुलं लहान आहेत. जुलैत चार्ल्सटनला जावं का?

उत्तर : जुलै टाळा. तो दमट उकाडा आई-बाबांना सोसणार नाही. मार्च-एप्रिल उत्तम. मुक्काम जुन्या शहरातच करा, म्हणजे पायी फिरता येईल. सकाळ फोर्ट समटरच्या बोटीला द्या; १८६१ मध्ये अमेरिकन यादवी युद्धाच्या पहिल्या तोफा याच किल्ल्यावर डागल्या गेल्या. मग मुलांना वॉटरफ्रंट पार्कच्या अननसाच्या कारंज्यात पाय बुडवू द्या. २०२३ मध्ये उघडलेलं आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय मात्र चुकवू नका. ते ज्या धक्क्यावर उभं आहे, तिथेच गुलामांची जहाजं लागत, आणि शहरातले देखणे वाडे त्यांच्याच श्रमांवर उभे आहेत. जेवणात ग्रिट्स, म्हणजे मक्याचा उपमाच. शाकाहारी असाल तर त्यात कोळंबी नको, हे आधीच सांगा.